एकच 'पासून', पण 'सिन्स' आणि 'फॉर' दोन

(सोसायटीचा ग्रुप; नावांच्या जागी फ्लॅट नंबर)

ए-३०२: नमस्कार. मुलगी नववीत आहे. ग्रामरच्या रिकाम्या जागा सगळ्या बरोबर भरते, पण काल शाळेच्या अर्जात लिहिलं, 'आय ॲम लिव्हिंग इन वडोदरा सिन्स टेन इयर्स.' सरावाचं आणखी एक पुस्तक आणू का?

सी-१०४: नको गं. मी ३० वर्षं इंग्रजी शिकवलं, ही चूक दरवर्षी भेटायची. आपण 'सोमवारपासून' म्हणतो आणि 'दहा वर्षांपासून'ही म्हणतो. बाहेर मुलं गुजराती बोलतात, तिथेही दोन्हीला 'थी'च. इंग्रजीत सुरुवात कधी झाली ते सांगायला 'सिन्स', किती काळ लोटला ते सांगायला 'फॉर'. शिवाय 'राहते आहे'चं सरळ 'ॲम लिव्हिंग' होतं, तिथे 'हॅव बीन लिव्हिंग' हवं. रिकाम्या जागा मात्र बरोबर येतात, कारण धड्याच्या डोक्यावरच 'सिन्स आणि फॉर' छापलेलं असलं की दोनातलं एक उचलायचं, एवढंच काम उरतं.

सी-१०४: तिला घरातली वाक्यं इंग्रजीत करायला दे. 'आजोबांचा गुडघा दिवाळीपासून दुखतोय.' 'अर्ध्या तासापासून नळाला पाणी नाही.' कुठला काळ वापरायचा ते सांगू नकोस.

बी-२०१: आजी, माझे स्पर्धा परीक्षेत 'अ' आणि 'ॲन'मध्ये मार्क जातात. व्हॉवेल पाठ आहेत तरी.

सी-१०४: अरे, शब्द देवनागरीत लिहून बघ! सुरुवातीला स्वर आला तर 'ॲन': अवर, ऑनेस्ट, एम.एल.ए. व्यंजन आलं तर 'अ': युनिव्हर्सिटी, युरोपियन, वन-वे. नियम उच्चाराचा आहे, स्पेलिंगचा नाही. आणि आपली लिपी उच्चारच दाखवते.

बी-२०१: एम. एस. युनिव्हर्सिटीवरून रोज जातो, हे कुणी सांगितलंच नव्हतं!

ए-३०२: आणि शब्दांचं काय? रोज वीस पाठ करते, आठवड्यात विसरते.

सी-१०४: पाचच घे. मराठी अर्थ वाचून इंग्रजी शब्द आधी आठवायचा, मग पान उलटायचं. तेच शब्द उद्या, तीन दिवसांनी, आठवड्याने पुन्हा. आणि शब्द जोडीने लिही, 'मॅरीड टू', 'डिपेंड ऑन'. आपल्या 'शी'मुळे मुलं 'मॅरीड विथ' लिहितात. शनिवारी संध्याकाळी दोघं माझ्याकडे या, चुकलेल्या वाक्यांची वही घेऊन.

ए-३०२: आजी, तिने नळाचं वाक्य आत्ताच केलं. 'देअर हॅज बीन नो वॉटर इन द टॅप फॉर हाफ ॲन अवर.'

सी-१०४: शाब्बास! 'फॉर' बरोबर, 'हॅज बीन' बरोबर. 'ॲन अवर'सुद्धा!