पणजीचं माहेर शोधायचंय, सुरुवात कुठून करू?

कोयनेची_नात

नमस्कार. आमचं गाव जावळी तालुक्यातलं, कोयना धरणाच्या शिवसागरात गेलेलं. घरच्यांना रायगडात जमीन मिळाली. आजोबा तोवर मुंबईला मशीद बंदरात माथाडी होते.

भावाच्या मुलीने शाळेसाठी वंशवृक्ष काढला. सहा पिढ्या पुरुषांची नावं काकांनी तोंडपाठ सांगितली. बायकांच्या जागी एकेक फुली! आजीचं माहेर ठाऊक आहे, पण पणजी (आजोबांची आई) कुठली, हे घरात एकालाही माहीत नाही. तिचं सासरचं नाव तेवढं कळलं. माहेरचं वेगळं असणार, पूर्वी लग्नात नाव बदलायचेच.

हाताशी दोनच कागद आहेत. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्मतारीख १ जून १९३१. आणि गावच्या जुन्या सातबाऱ्याची झेरॉक्स. तिच्यात पणजोबांच्या नावापुढे 'ए. कु. मॅ.' लिहिलंय. ही काय पदवी आहे? मी दिवसभर जीएसटीची रिटर्न्स भरते, यातलं ओ की ठो कळत नाही. एका कचेरीत विचारलं तर "गावच नाही राहिलं, कागद कुठले आणू?" म्हणाले.

निवृत्त_तलाठी

ताई, गाव बुडतं, दप्तर बुडत नाही. तुम्हाला ज्याने परत पाठवलं त्याला रेकॉर्ड रूमची पायरी चढायचा कंटाळा असणार. मीही तीस वर्षं त्याच खुर्चीत बसलोय, म्हणून सांगतो.

ए. कु. मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन सगळ्या भावांची, पण थोरल्याचं नाव लावलेलं. म्हणजे पणजोबांना भाऊ होते. वंशवृक्षात आहेत का ते? नसतील तर त्यांच्या नातवंडांना गाठा. तुमच्या घरात विसरलेलं त्यांच्या घरातल्या म्हातारीला आठवत असेल. कागद थांबतात, म्हाताऱ्या थांबत नाहीत. आधी त्यांच्याकडे जा.

१ जूनवर विसंबू नका. त्या काळी निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला. गुरुजी पोराला उभं करून बघायचे आणि अंदाजाने साल टाकायचे.

मग मेढ्याला, तुमच्या जावळी तालुक्याच्या तहसीलमध्ये, नकलेचा अर्ज करा, कोर्ट फी स्टॅम्प लावून. 'जुने रेकॉर्ड द्या' असं मोघम लिहाल तर काहीच मिळणार नाही. गावाचं नाव, सर्व्हे नंबर आणि काय हवं ते नेमकं लिहा: गाव नमुना ६ म्हणजे फेरफार (जमीन कुणाकडून कुणाच्या नावावर गेली त्याची नोंद), ६-क म्हणजे वारस नोंदवही, १४ म्हणजे जन्म-मृत्यूची वही, जिला आम्ही कोतवाल बुक म्हणतो. जायच्या आधी सरकारच्या 'आपले अभिलेख' साइटवर तुमच्या तालुक्याचं काही स्कॅन दिसतंय का तेही बघा. तुमचं प्रकरण धरणाचं, म्हणून भूसंपादनाचा निवाडाही मागा. त्यात खातेदार, जमीन, घर, झाडं सगळ्याची मोजदाद असते. परसातला फणस कितीला धरला ते वाचून माणसं रडलेली पाहिलीत मी.

एक मात्र आधीच सांगतो. यातून पणजोबा मिळतील, पणजीचं माहेर मिळणं कठीण. वारस फेरफारात विधवेचं नाव येतं, बापाचं येत नाही. कोतवाल बुकात जन्माच्या नोंदीत बापाचं नाव नि 'मुलगी' एवढंच. बारशाआधीची नोंद, नाव कुठून असणार? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर मुली वारसात यायला लागल्या. पणजीचा बाप त्यानंतर वारला असेल तर तिचं नाव त्याच्या गावच्या फेरफारात सापडेल. पण त्यासाठी आधी गाव तर कळायला हवं.

बोरूबहाद्दर

तलाठीकाकांनी मोडी लिपीचं सांगितलंच नाही! जुन्या कोतवाल बुकांचं बाड उघडलंत की पानंच्या पानं मोडी निघतील. ओळभर एक लांब रेघ, खाली अक्षरं लोंबलेली, शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. घाबरू नका, अख्खी लिपी यायची गरज नाही. आपलं आडनाव, गाव आणि 'बिन' (म्हणजे अमक्याचा मुलगा) हे तीन आकार शंभर वेळा गिरवा, पानावर ते आपोआप दिसायला लागतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात अशी पुष्कळ दप्तरं बाहेर आलीत आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर स्कॅन चढलेत. सरावाला ते फुकट आहेत.

माळ्यावरची_मांजर

पुरुषांनी कागद सांगितले, मी भांडी सांगते. लग्नातली भांडी कोण देतं? माहेर आणि मामा. आणि देणारा नाव घातल्याशिवाय देत नाही, जन्मभर दिसायला हवं ना. माळ्यावरचे हंडे, घागरी, परात काढ. काठाखाली, कानाजवळ बघ. चिंच-मीठ लावून घास. तरी वाचता आलं नाही तर पातळ कागद धरून वरून पेन्सिल फिरव.

कोयनेची_नात

मांजरताई, हंडा सापडला!! रायगडला काकांकडे होता, तुळशीपाशी पाणी साठवायला. ठिपक्याठिपक्यांनी टोचलेली अक्षरं पेन्सिलीने अशी उठली: 'मामाकडून रा. शि. बामणोली १८७५'. आकड्याआधी एक अक्षर झिजलंय.

पण यात अडकले. १८७५ म्हणजे पणजीचाही जन्म झालेला नव्हता. मग हा हंडा खापरपणजीला तिच्या मामाने दिला असणार. छान आहे, पण माझ्या कामाचा नाही, हो ना?

बोरूबहाद्दर

झिजलेलं अक्षर 'श' असेल. शके १८७५. त्यात ७८ मिळवा.

कोयनेची_नात

१९५३.

थांबा. आजोबांचं लग्न १९५३ च्या वैशाखातलं, आजी नेहमी सांगायची. म्हणजे हंडा त्यांच्या लग्नातला.

माळ्यावरची_मांजर

आणि मामा कुणाचा? नवऱ्याचा की नवरीचा? आजीचं आजोळ कुठलं?

कोयनेची_नात

आजीचं आजोळ पाटणकडचं, ते पक्कं माहीत आहे. बामणोलीशी तिचा काहीच संबंध नव्हता.

म्हणजे आजोबांचा मामा. पणजीचा भाऊ.

निवृत्त_तलाठी

मग मेढ्याच्या अर्जात आपल्या गावाखाली दुसरी ओळ घाला: मौजे बामणोली, ६ आणि ६-क. 'शि.' म्हणजे शिंदेही असेल, शिर्केही, नाहीतर वेगळंच काही. तेव्हा आडनाव लिहू नका, १९५६ पासून पुढच्या दहा वर्षांचे वारस फेरफार सरळ मागा. आणि हंडा घासू नका आता आणखी, उरलेली अक्षरं जातील.

कोयनेची_नात

नाही घासत. काकूंनी तुळशीपाशी प्लॅस्टिकची बादली ठेवलीय आणि हंडा घेऊन मी एसटीत बसलेय. कंडक्टरने लगेज मागितलं.