ब्रसेल्स स्प्राउट्स घरी लावलेत का कुणी? अनुभव लिहा

चिंचेची_फांदी
काल दुकानात नाताळसाठी ब्रसेल्स स्प्राउट्स, म्हणजे ते कोबीसारखे छोटे छोटे गड्डे, अख्ख्या दांड्यासकट मांडलेले दिसले आणि लीड्सची अलॉटमेंट आठवली. कौन्सिलकडून भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा तो. पूर्ण प्लॉट दहा पोलांचा, म्हणजे साधारण २५० चौरस मीटर. आमचा अर्धा होता. आता फ्लॅटमध्ये राहतो, खिडकीत कढीपत्ता सोडून काही नाही.

शेजारच्या प्लॉटवर एक यॉर्कशरचे आजोबा होते. मे महिन्यात मी रोपं लावत होते, माती छान भुसभुशीत करून. आजोबा आले, एक शब्द न बोलता बुटाच्या टाचेने प्रत्येक रोपाभोवतीची माती दणादण दाबत गेले. मी मनात म्हटलं, झालं, गेली रोपं. मग म्हणाले, आता एक पान धरून ओढ. पान फाटलं पण रोप हललं नाही, तर लागण बरोबर. मुळाशी माती सैल राहिली की उंच झालेलं झाड वाऱ्याने हलत राहतं आणि गड्डे घट्ट वळत नाहीत, पानं सुटी सुटी राहतात.

दोन रोपांत अंतर ६० ते ७५ सेंमी. मला ती जागा वाया चाललेली बघवेना, म्हणून मध्ये मेथी आणि कोथिंबीर टाकली. झाडं पसरेपर्यंत ती खाऊन संपलीसुद्धा.

सप्टेंबरअखेर खालचे गड्डे तयार दिसायला लागले, पण आजोबा हात लावू देईनात. एकदा तरी कडक थंडी पडून जमीन पांढरी होऊ दे, म्हणायचे. थंडीत झाड स्वतःच्या बचावासाठी स्टार्चची साखर करतं, त्यामुळे चव बदलते. आणि खरंच बदलते हो! नंतर खालून वर एकेक गड्डा पिळून तोडायचा. एकाच झाडावर पार फेब्रुवारीपर्यंत पुरतात.

तुम्ही लावलेत का? कुठे? आले का?

मुठाकाठचा
पुणे, गच्ची. नोव्हेंबरात रोपं लावली. झाड कमरेएवढं, पानं तर विचारू नका. प्रत्येक पानाच्या बगलेत वाटाण्याएवढे मणी धरले. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मोजायला जायचो. फेब्रुवारीत ऊन तापलं आणि सगळे मणी उलगडले. बायकोने पानांची हरभरा डाळ घालून भाजी केली. चांगली झाली होती, कोबीच लावायचा ना मग, असंही ऐकवलं.

तुळशीबाग
ई, मला तो वासच सहन होत नाही. डिसेंबर आला की ऑफिसच्या कँटीनमध्ये जाववत नाही.

चिंचेची_फांदी
@तुळशीबाग, तो जास्त शिजवल्याचा वास गं. त्यातली गंधकाची द्रव्यं सुटतात. इथे देठाला फुलीचा काप देऊन उकळत ठेवायची जुनी पद्धत आहे, त्याने आणखी पाणी शिरतं. मी अर्धे करून मोठ्या आचेवर परतते, कापलेली बाजू तव्याला. मोहरी, हिंग, सुकी मिरची. झालं.
@मुठाकाठचा, १५ ते १८ अंश लागतात हो त्याला, तेही कितीतरी महिने. पुण्याची थंडी संक्रांतीनंतर दमते.

उटीला_असतो
आमच्याकडे निलगिरीत होतात की. खाणारे कमी, सगळा माल बाहेर जातो.

धुक्यातला
कॅलिफोर्निया. अमेरिकेतलं बहुतेक पीक आमच्याच किनाऱ्यावर, सॅन मटेओ, सांताक्रूझ, मॉन्टेरे काउंटीत. समुद्रावरून धुकं येतं, भर उन्हाळ्यात स्वेटर लागतो. मी डोंगराच्या अलीकडे राहतो, तिथे ऊन. माझ्या झाडांवर नुसता मावा, राखाडी मेणचट थर. पलीकडे किनाऱ्यावर मित्राच्या अंगणात मात्र मनगटाएवढे दांडे. मध्ये एक टेकडी फक्त.
बाकी ऑक्टोबरात हाफ मून बेकडे चुकूनही गाडी काढू नका. भोपळ्याचा उत्सव असतो, रस्ता ठप्प. आम्ही गाडीतच डबा खाल्ला होता.

तुळशीबाग
डब्यात काय होतं?

धुक्यातला
दडपे पोहे. पार गारढोण.

द्राक्षबागाईत
स्प्राउट्स नाही लावले कधी, पण जात कोबीचीच ना, म्हणून लिहितो. आमचे बाबा कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी टाकायचे. एक कोबीच्या आधी पंधरा दिवस, दुसरी नंतर. चौकोनी ठिपक्यांचा पतंग अंडी घालायला मोहरीवर जातो, फवारणी तेवढ्यावरच करायची. कोबीवर गरज पडली तर ५ टक्के निंबोळी अर्क. अंगणातल्या चार झाडांना एक कुंडी मोहरी पुरेल बहुतेक.

चिंचेची_फांदी
हे भारी आहे! इथे पांढरी फुलपाखरं येतात आणि त्यांच्या अळ्या पानाची चाळण करतात. जाळी ७ मिमीच्या आतली हवी. कबुतरांसाठीची मोठ्या भोकांची जाळी लावली की फुलपाखरू आरामात आत जातं. कबुतरं हिवाळ्यात येतात, बाकी सगळं हिरवं संपल्यावर.

कालव्याकाठी
नेदरलँड्सहून. बसमध्ये आहे, घाईत लिहिते. इकडचे सहकारी म्हणतात की लहानपणी हे कडूजहर लागायचे. आणि ते नुसतं आठवणींचं नाही. १९९० च्या दशकात हान्स व्हॅन डूर्न नावाच्या डच संशोधकाने कडूपणा कुठल्या द्रव्यांमुळे येतो ते शोधलं, सिनिग्रिन आणि प्रोगॉइट्रिन. मग बियाणे कंपन्यांनी जुन्या साठ्यातली कमी कडू वाणं काढून जास्त उत्पन्नाच्या वाणांशी संकर केला. म्हणजे तुळशीबाग, आता परत खाऊन बघ. माझा स्टॉप आला

तुळशीबाग
बघते. माझी आई कारलं खाऊन दाखव म्हणायची तसंच चाललंय.

डोंगरवाट
वेल्समध्ये आहोत. आमच्या जमिनीत क्लबरूट निघाला. झाड दुपारी माना टाकतं, उपटलं तर मुळांना बोटाएवढ्या गाठी. रोगाचे बीजाणू जमिनीत २० वर्षांपर्यंत टिकतात. चुना घालून माती थोडी अल्क ठेवायची, कोबी-फ्लॉवर-नवलकोल सगळं दुसरीकडे हलवायचं, बूट-फावडी धुवायची. आम्ही आता रोग सोसणारं क्रिस्पस वाण लावतो, तेही आधी मोठ्या कुंडीत वाढवून. रोप धष्टपुष्ट असलं की तग धरतं.
आणि एक, सप्टेंबरात शेंडा खुडा. गड्डे सगळे एकदम भरतात.

चिंचेची_फांदी
शेंडा खुडायचा नाही!! तो वरचा पानांचा झुबका म्हणजे झाडाची टोपी, आजोबांचे शब्द. शेवटी त्याचीच पालेभाजी करायची, लसूण घालून. गड्ड्यांपेक्षा मला तीच आवडते.

डोंगरवाट
तुम्हाला फेब्रुवारीपर्यंत पुरवून खायचे असतात, मला नाताळात वीस माणसं जेवायला असतात. ज्याचं त्याचं गणित.

निवृत्त_पण_व्यग्र
घरात कुणी वॉर्फरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत असेल तर लक्ष ठेवा. यात जीवनसत्त्व के भरपूर, गोळीचा परिणाम कमी होतो. बंद करा असं नाही, पण एकदम ढीगभर खाऊ नका, प्रमाण सारखं ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. आमच्या ह्यांना सुनेने कौतुकाने आठवडाभर खाऊ घातले, मग रक्ततपासणीत आकडा खाली आला. सून बिचारी रडकुंडीला.

मुठाकाठचा
काकू, काका बरे आहेत ना आता?

निवृत्त_पण_व्यग्र
हो रे, ठणठणीत. आता भाजी नको म्हणायला त्यांना कारणच मिळालंय.

चौकटीबाहेर
मी यांचं भानोलं करते. कोबीसारखेच बारीक चिरून, कांदा, आलं-लसूण-मिरची, बेसन, ओल्या खोबऱ्याचं दूध, कोलंबी. कुणाला सांगितलं नाही तर कळत नाही. लहान गड्डे मात्र देठाला चीर देऊन भरल्या वांग्याच्या मसाल्यात.

द्राक्षबागाईत
कोलंबीशिवाय होईल का? घरी चालत नाही.

चौकटीबाहेर
होईल, खोबरं जरा वाढवा. ओव्हन १८० वर, वरून खरपूस रंग येईपर्यंत. माझी आजी निखारे वर-खाली ठेवून करायची.

धुक्यातला
बेसन किती? अंदाजाने म्हणू नका, अंदाजाने माझं सगळं बिघडतं.

चौकटीबाहेर
चार वाट्या चिरलेले असतील तर वाटीभर. पातळ वाटलं तर चमचाभर तांदळाचं पीठ. धाकटा उठला, बाकीचं रात्री लिहिते.

उटीला_असतो
इथे २५ किलोची गोणी मिळते, कोणाला हवी असेल तर सांगा :)