सासूबाईंची चटणी ऑनलाइन विकायची आहे, सुरुवात कुठून करू?

गडहिंग्लजची_सून
नमस्कार मंडळी. आमच्या सासूबाई गेली २२ वर्षं घरी कांदा-लसूण चटणी करून देतात, उन्हाळ्यात मिरच्या आल्या की देठं खुडण्यापासून डंकावर (मिरची कुटायच्या गिरणीत) नेईपर्यंत सगळं घरातच, हाताखाली मी आणि एक मावशी. गिऱ्हाईक सगळं तोंडी ओळखीचं, मुंबईला गेलेल्या पोरांचे आईवडील, बँकेतल्या बायका असं. गेल्या सीझनला साधारण १४० किलो गेली. आता नवरा म्हणतोय इन्स्टा पेज काढ, नणंद म्हणतीय फेसबुक काढ, गावातला एक पोरगा म्हणतोय महिन्याला ८००० द्या मी सगळं बघतो, लोगोबिगो सकट. मला यातलं काहीच कळत नाही, स्टेटसला फोटो टाकते तेवढंच. ८००० द्यावेत का? का स्वतः करावं? आणि रोज काय टाकायचं असतं तिथं, चटणी तर रोज तीच दिसणार ना

वेंगुर्ल्याचा_काजूवाला
ताई ते ८००० आधी बाजूला ठेवा. मी काजू विकतो, मी दिले होते एकाला सहा महिने. त्याने दिवाळीला पणतीचं चित्र, २६ जानेवारीला झेंडा, महिलादिनाला गुलाबी फूल आणि प्रत्येकावर माझा लोगो असं टाकलं. फॉलोअर झाले ११०० आणि त्यातले निम्मे माझ्यासारखेच काजू विकणारे 😀

तुमचं खरं भांडवल सासूबाईंच्या फोनमधे आहे. सगळ्या गिऱ्हाइकांकडे त्यांचाच नंबर सेव्ह असणार बघा. तर नवीन सिम घेऊन पहिल्यापासून सुरू करू नका, त्यांच्याच नंबरवर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. ते फुकट आहे, आधी चॅटचा बॅकअप घ्या, चॅट तिकडं जातात. मग तुमचा फोन त्यालाच लिंक करा, मूळ फोन सोडून आणखी चार डिव्हाइस जोडता येतात, म्हणजे सासूबाईंना चटणी भाजताना फोन उचलायला नको, उत्तरं तुम्ही द्यायची. कॅटलॉगमधे पाव किलो, अर्धा किलो, किलो असे वेगळे टाका, भाव लिहूनच टाका. आणि ग्रुप काढू नका, ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो, एका लिस्टमधे २५६ जण बसतात पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, म्हणून तर म्हटलं जुनाच नंबर ठेवा. ग्रुपवर काय होतं, एक जण म्हणतो यावेळी तिखट कमी वाटली आणि ते ९० जण वाचतात.

कोथरूडची_खवय्यी
मी विकत घेणाऱ्यांतली, म्हणून एकच सांगते. तुमच्याकडे चटणी म्हणतात ते आम्हाला कळत नाही हो! चटणी म्हटलं की आमच्या डोळ्यापुढे शेंगदाण्याची नाहीतर डोशाबरोबरची येते. मी इन्स्टावर शोधताना 'कांदा लसूण मसाला' असंच टाइप करते. नावात, बायोत, कॅटलॉगमधे दोन्ही लिहा. आणि प्लीज ते 'किमतीसाठी डीएम (खासगी मेसेज) करा' नको, मी तिथेच पुढे जाते.

गडहिंग्लजची_सून
अय्या हे डोक्यातच आलं नव्हतं, आमच्याकडं मसाला म्हटलं तर गरम मसाला समजतील 😄 सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या "मसाला काय, चटणीच हाय ती"

सांगलीचा_मिलिंद
काजूवाल्या दादांचं पटलं पण अर्धंच. व्हॉट्सॲपवर जुनी गिऱ्हाइकं टिकतात, नवीन माणूस कुठून येणार? त्यासाठी इन्स्टा लागतंच. बायकोचं केकचं बघतो मी, आमचं निम्मं गिऱ्हाईक रील बघून आलंय. तुमच्याकडं तर दाखवायला इतकं आहे की केकवाल्यांनी जळावं. रोज तीच चटणी नाही हो ताई, ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची शेजारी शेजारी ठेवा आणि सासूबाईंनाच बोलू द्या, कुठली रंगाला कुठली तिखटाला, किती घालायची. प्रमाण सांगायचं नसेल तर नका सांगू, तेवढंच गुपित राहूदे. अंगणात पसरलेल्या लाल मिरच्या, सुकं खोबरं भाजताना, डंकाचा दणदण आवाज, हे सगळं मोबाइलवर उभं धरून शूट करा, सकाळच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली मिरची काळपट दिसते. आवाज डंकाचाच ठेवा. बिझनेस अकाउंटला तशीही बरीच सिनेमाची गाणी मिळत नाहीत आणि गरजही नाही.

मुख्य म्हणजे सीझनला सगळं शूट करून ठेवा, फेब्रुवारी ते मे. मग पावसाळ्यात आठवड्याला एक सोडत राहायचं, रोज टाकायची काही गरज नाही.

बूस्टचं, म्हणजे पैसे भरून पोस्टची जाहिरात करायचं, बटण मात्र दाबू नका लगेच. आम्ही एकदा २००० घातले, ऑडियन्स ऑटोमॅटिक ठेवला, लाइक आले कुठकुठल्या राज्यातून, त्यांना काय सांगलीतला केक पोचणार? करायचंच असेल तर शहर निवडून करा, पुणे ठाणे वगैरे जिथं तुमचं पार्सल जातं, आणि मेसेज यावा असा पर्याय निवडा, लाइकचा नको. वर १८ टक्के जीएसटी लागतो तो धरून हिशोब करा.

वेंगुर्ल्याचा_काजूवाला
मिलिंदभाऊ, नवीन माणूस येऊदे, पण घरात तीन बायका आणि १४० किलो माल. उद्या एक रील चाललं आणि ३०० किलोची ऑर्डर आली तर? मे संपला की पाऊस, मिरची वाळवणार कुठं? माझं झालंय असं, काजू संपले, बाहेरून घेऊन दिले आणि जुनं गिऱ्हाईक बरोबर ओळखून गेलं.

सांगलीचा_मिलिंद
हे मान्य. मग 'यंदाचा माल संपला, पुढच्या सीझनचं बुकिंग घेतोय' असं बिनधास्त लिहा. लोक थांबतात.

ठाण्याच्या_मावशी
पोरी दोन गोष्टी विसरू नकोस. एक, बाहेर विकतेस तर एफएसएसएआयचं (सरकारी अन्नसुरक्षा खात्याचं) रजिस्ट्रेशन करून घे, मी केलं तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती, ऑनलाइन होतं. १४ आकडी नंबर मिळतो तो पाकिटावर छापायचा, सोबत वजन, किंमत, तयार केल्याची तारीख. पुण्यामुंबईचे लोक विचारतात.

दुसरं, पेज काढलं की पंधरा दिवसात फोन येईल, "मी मिलिटरीतून बोलतोय, २० किलो पाहिजे, पैसे पाठवतो हा कोड स्कॅन करा." माझ्याकडे लोणच्याची ५० किलोची ऑर्डर दिली होती अशाच एका मेजरसाहेबाने. पैसे घ्यायला स्कॅन लागत नाही, पिनही लागत नाही, सासूबाईंना पाठ करून ठेव. पेमेंटच्या स्क्रीनशॉटवर पण पार्सल सोडायचं नाही, बँकेत जमा दिसलं की मगच.

गडहिंग्लजची_सून
सगळ्यांना खूप धन्यवाद 🙏 त्या पोराला नाही म्हणून सांगितलं. काल सासूबाईंच्या नंबरवर बिझनेस टाकलं, कॅटलॉगमधे तीन वजनं टाकली, ब्रॉडकास्टला ८७ जण निघाले. पहिला मेसेज पाठवला तर सहा जणींनी "कोण बोलतंय, आक्का कुठं आहेत" म्हणून फोनच केला, शेवटी सासूबाईंच्या आवाजात व्हॉइस मेसेज पाठवला तेव्हा पटलं. ११ किलोचं बुकिंग झालंय. इन्स्टाचं फेब्रुवारीत, मिरची आली की.

आता एक शेवटचं, पार्सलमधे तेल सुटून पिशवी तेलकट होते, कुणी डबल पाउच वापरतं का? सीलिंगचं मशीन कुठलं घेतलंत?

वेंगुर्ल्याचा_काजूवाला
साधं हाताचं सीलर चालतं ताई. पण चटणी पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका, निम्मं तेल तिथंच सुटतं. आत जाड पाउच, बाहेर दुसरा, आणि डंकावरून आल्याआल्या भरायची घाई नको.