योटाफोन 2: बॅटरी संपली तरी मागच्या स्क्रीनवर चित्र कसं काय राहतं?

खटपट्या:
सेकंडहँड योटाफोन 2 घेतलाय, 2014 वाला. पुढं 5 इंची अमोलेड, मागं 4.7 इंची ई-इंक, म्हणजे कागदासारखा दिसणारा काळापांढरा स्क्रीन. काल बॅटरी पार झिरो, फोन बंद, तरी मागं सेव्ह केलेला नकाशा जसाच्या तसा! मग हा डिस्प्ले करंट खातच नाही का? आणि तसं असेल तर सगळं मागच्याच स्क्रीनवर वापरलं तर चार्जरची गरजच पडायला नको ना?

काळंपांढरं:
चालू नाहीये तो, नुसतं चित्र उरलंय. आत अगदी सूक्ष्म कॅप्सूल असतात, त्यातल्या द्रवात पांढरे कण एका चार्जचे आणि काळे उलट्या चार्जचे, व्होल्टेज दिलं की एक रंग वर येतो नि दुसरा तळाला जातो, आणि व्होल्टेज काढलं तरी कण आहेत तिथंच बसतात. करंट लागतो तो चित्र बदलताना. अमोलेडचं उलटं, तिथं प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, त्यामुळे चित्र दिसतंय तोवर करंट चालूच. ई-इंकला स्वतःचा उजेड नाही, म्हणून भर उन्हात झकास दिसतं आणि अंधारात काहीच नाही.

जुनाफोन:
बरोबर, पण चार्जर फेकू नका लगेच 😄 स्क्रीन वाचवला तरी नेटवर्क, वायफाय आणि तो स्नॅपड्रॅगन 800 प्रोसेसर खातातच की. पुस्तक वाचताना पान मिनिटाला एकदा बदलतं तिथं भरपूर फायदा, पण योटामिरर (पुढचं सगळं मागच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) लावून मागच्या बाजूला फीड स्क्रोल करत बसलात तर सारखं रिफ्रेश, मग बचत कसली. व्हिडिओचं तर नावच काढू नका.

खटपट्या:
ओके. पण आधीच्या पानाची पुसट अक्षरं मागं दिसत राहतात, पॅनल गेलंय का?

काळंपांढरं:
नाही हो, घोस्टिंग आहे ते. झटपट अपडेटमध्ये काही कण अर्धवट सरकतात. मधूनच स्क्रीन काळापांढरा लुकलुकतो ना, तेव्हा सगळे कण वरखाली ढकलून साफ होतात. थंडीत जास्त जाणवेल, द्रव घट्ट होतो.

जुनाफोन:
तुमचं नशीब की 2 मिळाला. 2013 च्या पहिल्या मॉडेलला मागच्या स्क्रीनवर टच नव्हताच, खाली एक पट्टी होती तिच्यावर बोट सरकवायचं, आणि रेझोल्यूशन 640 बाय 360, मराठी जोडाक्षरं वाचायची म्हणजे शिक्षाच. बॅटरी मात्र जपा, कंपनी 2019 मध्ये दिवाळखोरीत गेली, पार्ट शोधत बसावं लागेल.