एसटीडी बूथच्या पावत्या: सुरतेच्या फोनला दोन वेगळे आकार का?

तापीकाठ (प्रश्न)
वडिलांच्या कागदपत्रांत 1998 सालच्या एसटीडी बूथच्या दोन पावत्या सापडल्या. दोन्ही फोन सुरतेला कामाला असलेल्या काकांना, 0261 नंतरचा क्रमांकही एकच, वेळ दुपारची आणि बोलणे जवळपास तितकेच; मात्र एक नंदुरबारहून केलेला आहे, दुसरा जळगावहून, आणि जळगावची रक्कम बरीच जास्त आहे. बूथचालक स्वतःच्या मर्जीने दर लावीत असत काय, आणि त्यांच्यावर नियंत्रण कोणाचे होते?

साक्रीकर
आकारणी मिनिटांवर नव्हे, युनिटांवर होत असे. किती सेकंदांना एक युनिट पडायचे, हे दोन्हीकडच्या केंद्रांमधील सरळ रेषेतल्या अंतराच्या टप्प्यावर ठरे. रस्ता किंवा रेल्वे किती लांबची, याचा संबंध नसे. नंदुरबार-सुरत हे अंतर असे मोजल्यास दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, जळगाव-सुरत पावणेतीनशेच्या वर, आणि 200 किलोमीटरवर टप्पा बदलत असे. तो ओलांडला की मीटर पळायला लागे. यात बूथचालकाचा हात नाही.

केळीपट्टा
घड्याळाचाही त्यात वाटा होता. रात्री 11 नंतर दर एकचतुर्थांशावर येत असल्यामुळे आमच्या रावेरकडे दिल्लीच्या व्यापाऱ्यांशी सविस्तर बोलणे त्यानंतरच होई, आणि बूथबाहेर रांग लागे. आपल्या पावत्या दुपारच्या असल्याने हा मुद्दा तिथे लागू नाही, हे खरे.

वकील_चाळीसगाव
नियंत्रणाविषयी: 1885 च्या तार अधिनियमाच्या कलम 7 खाली दरांचे नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे होता. 1997 च्या कायद्याने दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजेच ट्राय, स्थापन झाले आणि राजपत्रात दर अधिसूचित करण्याचा अधिकार कलम 11(2) ने त्याला मिळाला. मात्र त्याचा सर्वंकष दर आदेश 1999 साली निघाला, त्यामुळे आपल्या पावत्या त्याआधीच्या व्यवस्थेतल्या आहेत. बूथचालक दूरसंचार खात्याचा परवानाधारक असे आणि त्याची कमाई मुख्यतः कमिशनची. लबाडीला वाव राही तो छापील पावती न देता तोंडी रक्कम सांगण्यात, किंवा सुट्टे नाहीत म्हणून आकडा वर नेण्यात. म्हणून दोन्ही पावत्यांवर युनिटांची संख्या छापलेली असल्यास रकमेला तिने भागून पाहावे. भागाकार जुळला, तर तफावत अंतराची आहे.