बारा व्होल्ट दिसतोय एकच, यात ड्रायव्हरचा दोष नाही

'+१२ व्होल्टच्या जागी १ व्होल्ट दिसतो, म्हणजे एनसीटी६७७५ (मदरबोर्डवरची व्होल्टेज आणि तापमान मोजणारी चिप) चा लिनक्स ड्रायव्हर बिघडलेला आहे' हे इथलं एक म्हणणं पटलं नाही. चिपच्या पिनवर खरंच एक व्होल्टच्या आसपासच येतो. आतलं मोजमाप ८ बिटांचं, ८ मिलिव्होल्टच्या पायरीचं, म्हणजे कमाल २.०४ व्होल्ट. म्हणून बोर्ड बनवणारे दोन रेझिस्टर लावून १२ व्होल्ट खाली आणतात. ते रेझिस्टर कितीचे, हे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला, ज्यात हा ड्रायव्हर चालतो) कळायला मार्गच नाही. खरा आकडा मिळवायचा गुणक एलएम-सेन्सर्स या आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'कॉम्प्युट' ओळीत आपणच द्यायचा. माझ्या बोर्डावर १२ ने गुणल्यावर आकडा बायोसशी जुळला.

मात्र गुणलं की पायरीही १२ पट होते, जवळजवळ ०.१ व्होल्टची. तेव्हा ११.९ चं १२.० झालं की पॉवर सप्लाय गेला म्हणून लगेच दुकान गाठू नका. शंका असेल तर सरळ मल्टिमीटर लावा. आणि ते 'ऑक्सटिन' (जादा तापमान-सेन्सरसाठीची पिन) १२७ अंश दाखवतंय ना? बहुतेक त्या पिनला काही जोडलेलंच नसेल. त्याच कॉन्फिग फाइलमध्ये त्याच्यासाठी 'इग्नोर' लिहून टाका.