कामावर नेलेली स्वतःची वस्तू गेली, तर भरपाई कोण देतं? अनुभव लिहा

पेटीवाला

सकाळी वर्कशॉप उघडलं तर माझ्या बेंचखाली जमिनीवर एक स्वच्छ चौकोन दिसला. बाकी सगळीकडे तेलकट धूळ, तेवढीच जागा कोरी. ११ वर्षं माझी हत्यारांची पेटी तिथे असायची. रात्री शटर वाकवून चोर आत आले होते.

आमच्या धंद्यात पाने, सॉकेट, टॉर्क रेंच, मीटर ज्याचं त्यानेच आणायचं असतं. मालकांनी विम्याचा क्लेम लावला. कॉम्प्रेसरचे पैसे आले, वेल्डिंग मशीनचे आले, शटरच्या दुरुस्तीचेही आले. माझ्या पेटीचं विचारलं तेव्हा कळलं की पॉलिसीत 'विमेदाराच्या मालकीची मालमत्ता' असे शब्द आहेत, आणि पेटी माझ्या मालकीची. मग घरच्या सामानाचा विमा काढून वाचला. त्यात घराबाहेर नेलेल्या वस्तूही काही मर्यादेपर्यंत धरल्या होत्या, पण 'व्यवसायासाठी वापरली जाणारी अवजारे वगळून'. दोन्ही विमे चालू, दोन्हींचे हप्ते वेळेवर भरलेले, आणि माझी पेटी दोघांच्या मधल्या फटीत पडली.

मालक माणूस म्हणून चांगले. त्यांनी नवीन हत्यारांसाठी उचल दिली, पण ती माझ्याच पगारातून फिटली. नेमणूकपत्रात हत्यारांबद्दल एक शब्द नव्हता. हक्काने मागायला काही आधारच नव्हता.

आता दुसरीकडे रुजू होतोय आणि करारनामा अजून कच्चा आहे. म्हणून विचारतो. कामासाठी तुम्ही स्वतःची वस्तू नेली, किंवा कामाची वस्तू घरी ठेवली, आणि ती गेली, मोडली, जळाली, असं झालं असेल तर कागदावर काय होतं आणि हातात काय आलं ते लिहा. ज्यांना पैसे मिळाले त्यांनी तर नक्की लिहा.

रात्रपाळी

मला मिळाले, म्हणून लिहिते. मी परिचारिका आहे. भ्रमात असलेला एक रुग्ण पलंगावरून उतरू पाहत होता, त्याला सावरताना त्याचा हात माझ्या चष्म्यावर बसला. एक काच फुटली, दांडी निखळली.

आमच्या युनियनच्या करारात याचं कलम आहे. कामावर असताना रुग्णाच्या कृतीमुळे चष्मा, श्रवणयंत्र, कवळी किंवा अंगावरचे कपडे खराब झाले, तर दुरुस्तीचा किंवा बदलीचा खर्च रुग्णालयाने द्यायचा. अट एवढीच की नोंद त्याच पाळीत झाली पाहिजे. मी पाळी संपायच्या आत घटना नोंदवहीत लिहिली, इन्चार्ज सिस्टरांची सही घेतली आणि चष्म्याचे तुकडे गॉजमध्ये गुंडाळून पाकिटात ठेवले. पुढच्या पगाराबरोबर काचा आणि फ्रेम दोन्हींचे पैसे जमा झाले.

त्याच महिन्यात माझ्या मैत्रिणीचं घड्याळ असंच फुटलं, तिला मिळाले नाहीत. घड्याळ कलमात नव्हतं, 'वैयक्तिक शोभेची वस्तू' म्हणून बाहेर काढलं. नाडी मोजायला सेकंदकाटा लागतोच, तर ती शोभेची वस्तू कशी? पुढच्या वाटाघाटीत आम्ही हाच मुद्दा लावून धरला आणि घड्याळ यादीत आलं. पेटीवाला, तुमच्या करारात 'कामासाठी आवश्यक वस्तू' एवढंच ठेवू नका, वस्तूंची नावं घाला. आवश्यक काय, हे नंतर दुसरंच कोणीतरी ठरवतं.

चौथी तार

मी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवते. आम्हा वादकांचं दुखणं जरा वेगळं आहे. आमची वस्तू जुनी होते तशी तिची किंमत बरेचदा वाढते, आणि साधा विमा मात्र वर्षागणिक घसारा, म्हणजे जुनेपणाची घट, कापत जातो. म्हणून वाद्यासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी आणि ती ठरवून घेतलेल्या किमतीची असावी. जाणकार कारागिराकडून लेखी मूल्यांकन करून घ्यायचं, ती रक्कम पॉलिसीत लिहून घ्यायची, म्हणजे वाद्य गेल्यावर किमतीवरून घासाघीस होत नाही.

माझं व्हायोलिन गेलं नाही, तडकलं. दौऱ्याच्या परदेशी विमानप्रवासात पेटी केबिनमध्ये घेऊ दिली नाही, खाली सामानात टाकावी लागली. उतरल्यावर मी पेटी तिथल्या तिथे उघडली. वरच्या फळीवर, ध्वनीखांबाच्या (आतून फळीला टेकू देणाऱ्या लाकडी दांडीच्या) बरोबर वर, केसाएवढी रेघ होती. बोट फिरवल्यावर नखाला लागली तेव्हा खात्री पटली. वादकांना ठाऊक आहे, या जागचा तडा दुरुस्त झाला तरी वाद्याची किंमत पूर्वीची राहत नाही.

विमान कंपनीची जबाबदारी १९९९ च्या माँट्रियल करारात ठरलेली आहे. खराब झालेल्या सामानाची लेखी तक्रार ते हातात आल्यापासून ७ दिवसांत करायची, उशिरा आलेल्याची २१ दिवसांत. भरपाईला प्रति प्रवासी मर्यादा आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून ती १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. चांगल्या वाद्यापुढे ती रक्कम तोकडी पडते. सामान देताना जास्त मूल्य जाहीर करून, मागितल्यास वेगळं शुल्क भरून, ही मर्यादा वाढवता येते. मला हे तेव्हा माहीत नव्हतं.

मला तारलं ते माझ्या पॉलिसीतल्या एका ओळीने: 'दुरुस्तीनंतर घटलेल्या मूल्याची भरपाई'. दुरुस्तीचं बिल तर मिळालंच, किमतीतली घटही मिळाली. ही ओळ प्रत्येक पॉलिसीत नसते, मागून घ्यावी लागते. आमच्या वाद्यवृंदाच्या करारात आता असंही कलम आहे की दौऱ्याच्या काळातला वाढीव हप्ता संस्था भरेल, आणि वाद्य संस्थेच्या ताब्यात असताना विम्यातून कापली जाणारी वजावटही संस्थाच देईल. हे काही मेहेरबानीने आलेलं नाही, दोन हंगाम मागत होतो तेव्हा मिळालं.

कलम सात

वाटाघाटींना मी कामगारांच्या बाजूने दोनदा बसलोय. पेटीवाला, तुमचा कागद कच्चा आहे तोवर हे वाचा.

पहिल्या करारात आम्ही एका वाक्यावर समाधान मानलं: 'आग किंवा चोरीमुळे कामगाराची हत्यारे गेल्यास मालक भरपाई देईल.' वर्षाच्या आत एका वेल्डरची पिशवी भरदिवसा कपडे बदलायच्या खोलीतून गेली. कंपनी म्हणाली, दार मोडलेलं नाही, कुलूप तुटलेलं नाही, मग ही करारातली चोरी नव्हे. त्यांच्या विमा पॉलिसीत चोरीची व्याख्या 'बळजबरीने प्रवेश करून' अशी होती आणि आमचं वाक्य त्यांनी त्या व्याख्येला बांधलं. त्या वेल्डरला काहीही मिळालं नाही. हे लिहितानाही मला वाईट वाटतं, कारण ते वाक्य मी वाचून संमत केलं होतं.

दुसऱ्या वेळी ही अट काढून टाकायचा आग्रह आम्ही धरला नाही. चोरीच्या विम्यात ती बहुधा असतेच, मालक तिच्याबाहेर जायला राजी होत नाही. आम्ही तिच्याशेजारी दुसरं वाक्य बसवलं: हत्यारं ठेवायला कुलूपबंद जागा मालकाने द्यायची, आणि ती दिली नसेल तर मोडतोडीच्या खुणांची अट लागू होणार नाही. त्यानंतर महिन्याभरात कपाटं आली.

मग वजावट. कंपनीच्या पॉलिसीत प्रत्येक क्लेममधली पहिली ठरावीक रक्कम विमा कंपनी देत नाही. ती रक्कम आमच्या बहुतेकांच्या अख्ख्या पिशवीपेक्षा मोठी होती. म्हणजे कागदावर विमा असून आमच्या हाती शून्य. म्हणून स्पष्ट लिहून घेतलं की वजावट मालकाची, कामगाराची नाही.

किमतीवर सगळ्यात जास्त ओढाताण झाली. दहा वर्षं वापरलेल्या पान्याचे घसारा कापून जे पैसे येतात, त्यात नवा पाना येत नाही, आणि काम तर दुसऱ्या दिवशी सकाळी करायचं असतं. 'त्याच दर्जाचे नवे हत्यार' हे शब्द मिळवायला पूर्ण एक दिवस गेला. बदल्यात आम्ही यादी मान्य केली. प्रत्येकाने आपल्या हत्यारांची यादी द्यायची, फोरमनने पेटी समोर ठेवून ताडून बघायची, दोघांनी सही करायची. यादीत नाही ते करारात नाही. हे मला रास्तच वाटतं. मालकाने न पाहिलेल्या वस्तूचे पैसे का द्यावेत?

एका साईटवरून दुसरीकडे नेताना, आणि रात्री गाडीत ठेवलेली हत्यारं, ही दोन वाक्यंही विसरू नका.

ओलावा

माझं उलटं झालं. ऑफिसचा लॅपटॉप माझ्या घरी, वरच्या मजल्यावरचा पाइप फुटून त्यावर पाणी पडलं. घरच्या विम्याने सोफा दिला, लॅपटॉप माझ्या मालकीचा नाही म्हणून नाही दिला. कंपनीने वसुलीचं पत्र पाठवलं. करारात 'कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान' एवढंच वसूल करायचं लिहिलेलं होतं. ते शब्द आणि प्लंबरचा अहवाल मेलला जोडून पाठवला, आणि दोन दिवसांत पत्र मागे घेतलं गेलं.

मोजपट्टी

मी नुकसानीचे सर्व्हे करतो, म्हणजे नकाराचं पत्र निघतं त्याच्या आधी घरी येऊन जातो तो माणूस. लोक मला विरोधी पक्ष समजतात. खरं तर पुरावा असेल तर पूर्ण रक्कम लिहिताना मला बरंच वाटतं.

इथे अजून कोणी लिहिलेलं नाही ते सांगतो. हप्ता वाचवायला लोक सामानाची किंमत कमी लावतात. समजा घरातलं सामान १०० चं आणि विमा ६० चा. आगीत ३० चं नुकसान झालं. लोकांना वाटतं ६० पर्यंत विमा आहे, ३० पूर्ण मिळतील. पॉलिसीत ॲव्हरेजचं कलम असेल तर १८ मिळतात, कारण तुम्ही ६० टक्केच विमा घेतला होता, तर नुकसानीचेही ६० टक्केच. घरोघरी हे सांगताना लोकांचा चेहरा उतरलेला मी पाहिलाय. सामान वाढलं की रक्कम वाढवून घ्या.

मोडलेली, जळालेली वस्तू सर्व्हे होईपर्यंत टाकू नका. आणि यादीत एकही खोटी वस्तू घालू नका. एका खोट्या नगापायी कंपनी अख्खा क्लेम फेटाळू शकते, मग बाकीचं सगळं खरं असूनही जातं.

पेटीवाला

मोजपट्टी, माझ्याकडे बऱ्याच हत्यारांची बिलं नाहीत. काही वापरलेली विकत घेतली, काही जुन्या सहकाऱ्यांनी दिली. त्यांचं काय?

मोजपट्टी

बिल हा एकच पुरावा नसतो. कार्डाचं स्टेटमेंट, वॉरंटीचा कागद, वस्तूबरोबर आलेली माहितीपुस्तिका, काम करताना सहज काढलेला जुना फोटो ज्यात मागे हत्यार दिसतंय, हे सगळं आम्ही बघतो. पेटीचा एकेक खण उघडून वरून फोटो काढा, मीटरसारख्या वस्तूंचा सिरीयल नंबर वाचता येईल असा जवळून घ्या. फोटो त्याच पेटीत किंवा त्याच मोबाईलमध्ये तेवढे ठेवू नका. कलम सात म्हणतात तशी मालकाच्या सहीची यादी असेल, तर तिच्याइतका चांगला कागद दुसरा नाही.

पेटीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. नव्या मालकांशी काल बोलणं झालं. कुलूपबंद कपाट आणि वजावट, दोन्ही त्यांनी लगेच मान्य केलं. घसाऱ्यावर अजून अडलंय, सोमवारी पुन्हा बसतोय. गाडीतल्या हत्यारांचं वाक्य मी हाताने लिहून दिलंय.

यादी रात्री करायला घेतली. सॉकेटचा एकच ट्रे मोजला तर ३२ नग निघाले. आधीच्या पेटीत किती होते, हे मला तेव्हाही सांगता आलं नव्हतं आणि आजही येणार नाही.